एक जूनची माणसं

दिनेश मौल्यांनी नवं सॉफ्टवेअर सुरू करण्याआधी लॅपटॉपची पूजा केली. हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि अक्षता टाकणार तोच त्यांच्या मुलीने, सृष्टीने, त्यांचा हात धरला.

"पप्पा, तांदूळ कीबोर्डमध्ये गेले तर वॉरंटी जाईल."

"वॉरंटी देवाची असते. कंपनी नुसती पावती देते," दिनेशराव म्हणाले. पण हात मागे घेतला आणि अक्षता माउसवर टाकल्या.

पेठ रोडला त्यांचा एक छोटा गाळा होता. 'मौले इन्व्हेस्टमेंट्स' असा बोर्ड, आत दोन टेबलं, एक पंखा, विठ्ठलाची तसबीर आणि भिंतीला टांगलेले टाळ. लोकांचे पैसे म्युच्युअल फंडात लावून द्यायचे, हा त्यांचा धंदा. गिऱ्हाईक बहुतेक पेठ, घोटी, त्र्यंबकेश्वर या बाजूचं. शेतकरी, भाजीवाले, फुलं पिकवणारे. महिन्याला पाचशे, हजार बाजूला टाकणारी माणसं. आणि ही माणसं त्यांना कुठे भेटली होती म्हणाल, तर कीर्तनात. दिनेशराव लहानपणापासून टाळकरी. कीर्तनकाराच्या मागे उभं राहून त्यांनी इतकी कीर्तनं ऐकली होती, की त्यांना साधं "बसा, पाणी घ्या" म्हणायचं असलं तरी आधी पूर्वरंग व्हायचा.

"एसआयपी म्हणजे काय हो भाऊ?" असं कुणी विचारलं, की दिनेशराव डोळे मिटून घ्यायचे. "एसआयपी म्हणजे नेम. माळ जपता ना रोज? जप वाया गेला असं कधी वाटलं का? तशीच ही महिन्याची माळ. बाजार वर जाईल, खाली येईल, आपण मणी सोडायचा नाही." समोरचा हात जोडायचा आणि सही करायचा.

पण दिनेशरावांना खरा अभिमान होता तो आपल्या नावाचा. काही वर्षांपूर्वी मागच्याच गल्लीत एकाने 'दोन वर्षांत दामदुप्पट'चं दुकान थाटलं होतं. एके सकाळी त्या दुकानाला कुलूप आणि कुलपापुढे ही गर्दी! लोकांचं रडणं दिनेशरावांनी कानांनी ऐकलं होतं. त्या दुकानदाराने आधी त्यांनाही भागीदारीला बोलावलं होतं आणि त्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं. तेव्हापासून पार पेठपर्यंत लोक म्हणायचे, "दिनेशभाऊ पळनारा माणूस नाय." या एका वाक्यावर त्यांचा धंदा उभा होता आणि घरही.

"हे बघा," सृष्टी स्क्रीन दाखवत म्हणाली, "कुणाचा हप्ता चुकला, कुणाचा नॉमिनी राहिला, सगळं इथे. पॅन आणि आधारवरून माहिती आपोआप आली, मला एक अक्षर टाइप करावं लागलं नाही. आणि वाढदिवसाला प्रत्येकाला तुमच्या आवाजात फोन जाईल. तुम्ही फक्त एकदा रेकॉर्ड करायचं."

"माझ्या आवाजात?" दिनेशराव सावरून बसले. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, घसा साफ केला, आणि सृष्टीने बटण दाबताच आवाज लावला.

"रामकृष्णहरी! मी दिनेश मौले बोलतोय. आज आपला जन्मदिवस. हा नरदेह मोठ्या भाग्याने लाभतो. तेव्हा आज आपण सहकुटुंब, सहपरिवार आमच्या ऑफिसला यावं, तोंड गोड करावं आणि आपल्या गुंतवणुकीचं कुशलमंगल ऐकून जावं, ही नम्र विनंती. रामकृष्णहरी!"

"पप्पा, नुसतं 'हॅपी बर्थडे' म्हटलं तरी चालतं. आणि सहकुटुंब कशाला?"

"आपल्या घरात आजवर कुणाला एकट्याला बोलावलंय का? आणि घाबरतेस काय? क्लायंट तीनचारशे, वर्षाचे दिवसही तेवढेच. म्हणजे रोज एखादं घर, फार तर दोन. पाव किलो पेढे रोजचे. होऊ दे खर्च! उद्या पहिली तारीख आहे, उद्यापासूनच शुभारंभ."

गणितात सृष्टीलाही काही खोट दिसली नाही. सकाळी सहाला फोन जातील, असं तिने लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी दिनेशराव पेढ्यांचा पुडा घेऊन गाळ्यावर आले, तर पायरीवर पेठजवळचे पुंजा गावित आणि त्यांची बायको सखुबाई बसलेले. शेजारी आंब्यांची पेटी.

"वा, वा! पुंजाकाका, वाढदिवसाच्या शुभेच्छा!"

"कुनाचा?" पुंजाकाकांनी मागे वळून पाहिलं.

"तुमचा हो!"

"माझा? मला काय ठावं! तुमचा फोन आला, त्यातलं 'सहकुटुंब या' येवढंच कळलं. मी म्हनलं, भाऊंकडं काहीतरी कार्य हाय."

"मला बी येगळा फोन आला," सखुबाई पुढे सरकल्या. "नवऱ्याला येगळं, बायकोला येगळं निमंत्रन, म्हंजी मोठंच कार्य आसंल. म्हनून आहेर घेऊनच आले." त्यांनी पिशवीतून टॉवेल, टोपी आणि एक खण काढला. सृष्टीकडे प्रेमाने पाहत त्या म्हणाल्या, "पोरीची सुपारी फुटली न्हवं? मुलगा काय करतो?"

"आजी, सुपारी नाही, सॉफ्टवेअर आहे," सृष्टी म्हणाली.

"आसू दे. आजकाल सगळी त्याच्यातच नोकरी करत्यात."

सृष्टी काही बोलणार, तेवढ्यात घोटीकडची एक जीप येऊन थांबली. त्यातून भिमाजी, त्यांचे दोन मुलगे, दोन सुना आणि तांदळाचं पोतं उतरलं. जीपच्या मागे मोटारसायकल, मोटारसायकलीमागे रिक्षा. त्र्यंबक रस्त्याच्या धोंडाबाई टोपलीभर मोगरा घेऊन आल्या. मग आणखी एक जीप. बोलावल्यावर रिकाम्या हाताने जायची या माणसांना सवयच नव्हती, त्यामुळे घटकाभरात गाळ्यात वांगी, तांदूळ, आंबे आणि फुलं यांचा बाजार मांडला गेला आणि माणसं रस्त्यावर आली.

दिनेशराव प्रत्येकाला पेढा देत होते; पहिल्याला अख्खा, मग अर्धा, मग पाव. पुडा संपला तेव्हा त्यांनी घाम पुसला. "सृष्टी, आज फार पुण्यवान दिवस दिसतोय. इतक्या लोकांचे वाढदिवस एकाच..."

सृष्टी लॅपटॉपकडे बघत होती आणि तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. "पप्पा, आज तारीख काय?"

"एक जून."

"आणि शाळेच्या दाखल्यावर गावाकडच्या लोकांची तारीख काय असते?"

दिनेशरावांच्या हातातला रिकामा पुडा खाली पडला. अरे विठ्ठला! वीस वर्षं या माणसांच्या घरी जाऊन सह्या घेतल्या, त्यांच्या आयाबहिणींची खुशाली विचारली, आणि हे कसं डोक्यात आलं नाही? पूर्वी पोरगं शाळेत घालायला आणलं, की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? बापाला आठवायचं नाही. मग गुरुजी वयाची सहा वर्षं भरतील असा हिशेब करून एक जून टाकून मोकळे. गावच्या गाव एकाच दिवशी जन्मलेलं!

"पण सखुबाई तर शाळेत गेल्याच नाहीत!" दिनेशराव पुटपुटले.

"आधारवाल्या पोरानं इचारलं, आजी जन्म कधी," सखुबाई पेढा चघळत म्हणाल्या. "म्या म्हनलं, मालकांची हाय तीच टाक. दोन दोन तारखा कुठं ध्यानात ठिऊ?"

इथवर सगळं गोड होतं. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला आतला पेढा दिसत नाही, बाहेरची गर्दी दिसते. आणि गर्दी कुठे? पैसे गुंतवणाऱ्याच्या ऑफिसापुढे! एका रिक्षावाल्याने दुसऱ्याला विचारलं, "काय झालं रे?" दुसरा म्हणाला, "पैसेवाल्याचं ऑफिस आहे." बास. तिसऱ्याने फोटो काढला. चहाच्या टपरीपासून निघालेली बातमी गंगापूर रोडच्या सोसायट्यांपर्यंत पोचेतो तिला पाय फुटले, पंख फुटले आणि शेवटी दिनेश मौले रात्रीच्या विमानाने दुबईला पोचले.

पहिला आला रविराज. आयटी कंपनीत नोकरी, फ्लॅटमधलं गिऱ्हाईक. स्कूटर आडवी टाकून तो हेल्मेटसकट गर्दीत घुसला. "मौले कुठाय? पळाला का?"

"रविराज, या, या," दिनेशराव समोरच उभे होते. "आंबा घ्या. पेढे आणायला पाठवलंय."

"आंबा? माझे पैसे कुठायत ते सांगा आधी! आमच्या ग्रुपवर फोटो आलाय, खाली लिहिलंय, 'मौले दुबईला पळाला'!"

त्याच्यामागून आणखी पाचपन्नास जण आले. कुणाच्या हातात पासबुक, कुणाच्या हातात फोन. "आमचे पैसे द्या!" अशी एक आरोळी उठली आणि ती ऐकून आत आंबे खात बसलेली वाढदिवसाची माणसंही दचकली. भिमाजींनी हळूच सुनेला विचारलं, "काय गं, पैसे परत वाटत्यात का? मंग आपले बी घेऊ."

दिनेशरावांना पैशाची भीती नव्हती; पैसा त्यांच्याकडे नव्हताच, तो ज्याच्या त्याच्या नावावर फंडात होता. पण ही आरोळी त्यांनी पूर्वी ऐकली होती. मागच्या गल्लीत, कुलपापुढे. आज तीच आपल्या दारात, आपल्या नावाने! 'पळनारा माणूस नाय' हे वाक्य संध्याकाळपर्यंत पुसलं गेलं, तर पुन्हा कोणत्या तोंडाने सप्ताहात उभं राहणार?

त्यांनी स्टूल ओढलं, पायरीवर ठेवलं आणि त्यावर चढले. सृष्टी कुजबुजली, "पप्पा, थोडक्यात बोला." दिनेशरावांनी हात उंचावला आणि खड्या आवाजात म्हणाले, "रामकृष्णहरी!"

सवयच ती, अर्ध्या गर्दीने उत्तर दिलं, "रामकृष्णहरी!" आणि उरलेली अर्धी गर्दी गोंधळून गप्प झाली.

"मायबाप हो! देवळात पुजारी असतो. तुम्ही फुलं आणता, तो देवापुढे वाहतो. म्हणून देव पुजाऱ्याच्या खिशात असतो का? तसा मी पुजारी. तुमचा पैसा माझ्याकडे नाही, तुमच्या नावाने फंडात आहे. मी दुबईला काय, देवाघरी गेलो तरी तो तिथेच राहणार. ज्याला काढायचाय त्याने खुशाल काढावा! सृष्टी, बस लॅपटॉप घेऊन. ज्याचं त्याचं खातं ज्याला त्याला दाखव. कुणालाही अडवायचं नाही, कुणालाही 'का' विचारायचं नाही."

रविराज पहिला पुढे झाला. सृष्टीने त्याचं खातं उघडून दिलं. "सर, हे तुमचे पैसे. काढायचे असतील तर इथे दाबा. दोनतीन दिवसांत तुमच्या बँकेत जमा."

रविराजचं बोट बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं. "वाढलेत की बरेच," तो हेल्मेटमधून म्हणाला. "काढू का?"

"तुमची मर्जी."

"नाही, तुम्हाला काय वाटतं?"

"पप्पांनी सांगितलंय, कुणाला काही म्हणायचं नाही."

तेवढ्यात त्याची नजर स्क्रीनच्या कडेला गेली. तिथे 'आजचे वाढदिवस' खाली नावांची रांग सरकत होती, सरकतच होती. रविराजने बोट काढलं आणि ओरडला, "हे काय? एवढ्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी? शक्यच नाही! ही बोगस खाती आहेत!"

मागची माणसं स्क्रीनकडे रेटू लागली. आणि नेमक्या त्याच वेळी काठी आपटत गांगुर्डे हवालदार आले. "कोण पळालंय? कुठलं बोगस?"

"हे बघा साहेब! सगळ्यांची जन्मतारीख एकच. एक जून! अशी कधी असते का?"

हवालदारांनी वाकून स्क्रीन पाहिली. मग सरळ झाले, टोपी नीट केली आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "माझी पण तीच आहे."

"काय?"

"सर्व्हिस बुकात बघा पाहिजे तर. मी पण बोगस का?"

सखुबाईंनी लगेच त्यांच्या हातात आंबा ठेवला. लोक हसले, पण रविराज हसला नाही. त्याच्यामागची सोसायटीची माणसंही हसली नाहीत. "हवालदारांचं राहू द्या हो," एक जण म्हणाला, "बाकीच्यांचं काय?"

मग गर्दीतून एक काठी आणि त्या काठीमागून पांढराशुभ्र सदरा पुढे आला. हे धात्रक गुरुजी. पेठ तालुक्यातल्या शाळांतून उभा जन्म शिकवून निवृत्त झालेले, आता मखमलाबाद नाक्यावर एकटे राहणारे. तेही बातमी ऐकून आपल्या पुंजीच्या काळजीने आले होते आणि कडेला उभे होते. त्यांना बघताच पुंजाकाका लगबगीने उठले आणि भर रस्त्यात त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"गुरुजी! वळखलं का? पुंजा गावित. तुमच्या काठीचा मार खाल्लेला."

गुरुजींनी चष्मा वर केला. "शेळ्यांमागून पळून जायचा तो पुंजा?"

"तोच! तुमीच तर मला ही तारीख दिली!"

गुरुजी वळले आणि रविराजपुढे उभे राहिले. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी आवाज वर्गातलाच होता. "बोगस म्हणालास ना? ऐक. मी डोंगरातून पोरं गोळा करून आणायचो. आईला विचारायचो, बाळ कधी जन्मलं? ती म्हणायची, नागली कापायच्या वेळेला. कुणी म्हणायची, वाघ आला होता त्या वर्षी. आता दाखल्यावर 'वाघ आला त्या वर्षी' असं लिहू? तारीख नाही म्हणून पोर शाळेबाहेर ठेवू? मी लिहिली एक जून. माझ्या हाताने, शाईने. यातले कितीतरी जण त्या तारखेवर शाळेत बसलेत. हेल्मेट काढ आधी, मोठ्यांशी बोलतोयस."

रविराजने हेल्मेट काढलं. आतून फारच लहान वयाचा मुलगा निघाला.

"सॉरी, गुरुजी," तो म्हणाला.

"सॉरी मला नको, दिनेशला म्हण."

रविराज वळला. पण दिनेशराव स्टुलावरून उतरून डोळे पुसत होते, त्यामुळे तो सॉरी न म्हणता त्यांच्या पायांशी वाकला आणि उठताना विचारता झाला, "काका, हप्ता वाढवायचा असेल तर बटण कुठलं?"

त्यानंतर कुणी पैसे मागितले नाहीत. एक जण तेवढा मागायला आला होता, त्याला भिमाजींच्या सुनेने तांदूळ निवडायला बसवलं. रस्त्याच्या कडेला चूल पेटली, भात शिजला, वांगी शिजली. टाळ भिंतीवरून खाली आले. गांगुर्डे हवालदार वाहतूक वळवता वळवता ठेका धरू लागले. ज्यांनी जन्मात वाढदिवस केला नव्हता, अशी दीडदोनशे माणसं एकमेकांना आंबा भरवत होती. सखुबाईंनी पुंजाकाकांना भरवला तेव्हा तर शिट्ट्या वाजल्या. आणि रविराजने त्याच ग्रुपवर नवा फोटो टाकला. त्यात दिनेशराव मधोमध होते, पळण्याची कुठलीही चिन्हं न दिसणारे.

दुपारी सॉफ्टवेअरच्या कंपनीतून एका बाईंचा फोन आला. "सर, आमच्या सिस्टिमने तुमचा डेटा संशयास्पद म्हणून थांबवलाय. इतक्या ग्राहकांची जन्मतारीख एकच दिसतेय. खोट्या नोंदी काढून टाकाव्या लागतील."

दिनेशरावांची छाती फुगली. "ताई, तारीख तेवढी गुरुजींची आहे. बाकी माणूस न् माणूस खरा आहे. नुसता फोन केला तर हातची कामं टाकून आंबे घेऊन आली ही माणसं. तुमच्या सिस्टिमला आजवर कुणी आंबे आणून दिलेत का?"

पलीकडे बाईंनी कुणाशी तरी कुजबुजून घेतलं. मग बाई म्हणाल्या, "नाही, सर. नोंदी राहू देते."

ऊन कलल्यावर जिपा परत गेल्या. सृष्टी आहेराचे टॉवेल मोजायचं सोडून नुसतीच हसत बसली होती. गुरुजी मात्र पंख्याखाली तसेच बसून होते. मग त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"दिनेश, माझी तारीख काय आहे रे तुझ्या यंत्रात?"

सृष्टीने पाहिलं. "पंधरा डिसेंबर, गुरुजी."

"खरी आहे. वडील तलाठी होते, वेळेसकट लिहून ठेवलेली. दर वर्षी त्या दिवशी बँकेचा मेसेज येतो. एक विमा कंपनीचा येतो. माणूस कुणी येत नाही." गुरुजींनी काठीची मूठ उगाचच पुसली. "ती बदलून एक जून करता येईल का?"

दिनेशराव अवघडले. "गुरुजी, आधारला एक आणि इथे एक, अशी खोटी तारीख..."

"खोटी?" गुरुजी ताडकन ताठ झाले. "अर्ध्या तालुक्याला मी वाटली ही तारीख! उरलेल्यातली एक मला घ्यायला काय हरकत आहे?"

"पप्पा, खात्याची तारीख बदलता येत नाही," सृष्टी हळूच म्हणाली, "पण शुभेच्छा कोणत्या दिवशी पाठवायच्या, तो रकाना वेगळा आहे. तो आपल्या हातात आहे."

दिनेशरावांनी लॅपटॉप उचलला आणि दोन्ही हातांनी गुरुजींपुढे ठेवला. "मग तुम्हीच लिहा, गुरुजी. तुमच्या हातची पाहिजे."

गुरुजींनी चष्मा पुसला, एक बोट पुढे केलं आणि सावकाश, वळणदार अक्षर काढावं तसा एक दाबला, मग सहा दाबला. आणि हात मागे घेत सृष्टीला म्हणाले, "साल मात्र जुनंच राहू दे हो, पोरी. नाहीतर दिनेश मला पहिलीत बसवायचा."